पावसाचे माप आणि रडारचा पासंग

वसंत ऋतूतील व्याख्यानमाला भर उन्हाळ्यात भरते आणि आम्ही मात्र आपणांपुढे पावसाविषयी बोलावयास उभे राहतो, यात थोडा विरोध दिसेल. परंतु छत्री ज्याप्रमाणे मृगाच्या आधी दुरुस्त करून ठेवावी, त्याप्रमाणे पावसाच्या मापाचा विचारही पाऊस येण्यापूर्वीच केलेला बरा. सरी कोसळू लागल्यावर कोणाला विचार करण्यास सवड नसते.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर रुंदीचे भांडे ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे, आणि कोणत्या देशी किती द्रोण पाऊस पडतो याची यादीही दिली आहे. अश्मक देशाला साडेतेरा द्रोण, अवंतीला तेवीस द्रोण. पण यादी अपरांताशी, म्हणजे आपल्या कोकणाशी, आली की ग्रंथकार आकडा देण्याचे सोडून देतो आणि येथील पावसाला माप नाही एवढेच सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला ते चालले असेल. आम्हां नवी मुंबईकरांना ते चालत नाही. का चालत नाही, हे प्रथम पाहू.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर हे शहर उभे राहू लागले. एका अंगास पारसिकाची डोंगररांग, दुसऱ्या अंगास खाडी, आणि मधल्या पट्ट्यातील कित्येक जमीन भरतीच्या पातळीहून सखल. अशा जमिनीवर पडलेले पाणी भरतीच्या वेळी समुद्रात जाऊ शकत नाही. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर येथे धारण तलाव बांधले गेले. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने त्यांची झडपदारे मिटतात आणि शहरातील पावसाचे पाणी तलावात साठून राहते; ओहोटी लागली की दारे उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत उतरते. तेव्हा पंप केव्हा चालवावयाचे आणि कोणत्या वस्तीला सावध करावयाचे, हे सारे एका प्रश्नावर अवलंबून असते : भरतीच्या या तीन-चार तासांत आमच्या डोंगरउतारावर आणि रस्त्यांवर नेमके किती पाणी पडणार? एक चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ५ कोटी लिटर पाणी झाले. मापात दहा टक्क्यांची चूक झाली तर ५० लाख लिटरांचा हिशेब चुकला. हे पाणी कागदावर राहत नाही; ते कोणाच्या तरी तळमजल्यात शिरते.

आता माप चुकते म्हणजे काय होते? वाण्याच्या दुकानातला जुना तराजू आठवा. त्यात चूक तीन तऱ्हांनी शिरते. पहिली म्हणजे पासंग. रिकामी पारडीसुद्धा एका बाजूस झुकलेली असतात. मग शंभर वेळा तोलले तरी शंभर वेळा तितकेच कमी किंवा तितकेच जास्त भरते. दुसरी म्हणजे काट्याची थरथर. ती कधी इकडे, कधी तिकडे. पुष्कळदा तोलून सरासरी घेतली की बरीचशी निघून जाते. तिसरी चूक सर्वांत फसवी. तराजू चोख, हातही स्थिर. पण तोलला गेला तो माल मुळी आपला नव्हेच, शेजारच्या पोत्यातला. आजच्या सर्व विवेचनात हे तीन शब्द आपण हाताशी ठेवू : पासंग, थरथर आणि परका माल.

प्रथम साध्या पर्जन्यमापकाचे पाहू. तो पाणी प्रत्यक्ष झेलतो, म्हणून त्याच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. तथापि तोही निर्दोष नाही. वारा जोराचा असला तर काही थेंब तोंडावरून उडून जातात. कलणाऱ्या वाटीच्या स्वयंचलित यंत्रात वाटी भरून उलटत असता त्या क्षणी पडणारे पाणी मोजावयाचे राहून जाते, आणि पाऊस जितका जोराचा तितकी ही तूट अधिक. याहूनही मोठी अडचण वेगळी आहे. पर्जन्यमापकाचे तोंड साधारण २०० चौरस सेंटिमीटर असते. एका चौरस किलोमीटरात अशी ५ कोटी तोंडे मावतील. म्हणजे ५ कोटींतील एका घराला विचारून आपण साऱ्या गावाची हकीकत सांगतो.

ही अडचण किती भयंकर रूप घेते, हे २६ जुलै २००५ ने दाखविले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेथून सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावरील कुलाब्यात त्याच चोवीस तासांत ७३ मिलिमीटर! दोन्ही मापके खरे बोलत होती. पण कुलाब्याकडे पाहून उपनगरांचा अंदाज केला असता तर ती परक्या मालाची चूक झाली असती. त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि मुंबईसाठी डॉप्लर रडारची गरज सर्वांना पटली. पुढे कुलाब्यास १० सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार आले. २०२२ च्या जानेवारीत जोगेश्वरीजवळ वेरावली येथे दुसरे सुरू झाले. हे दुसरे सुमारे ५ सेंटिमीटर तरंगलांबीचे आणि दुहेरी ध्रुवणाचे आहे. त्याचा अर्थ काय, तो पुढे येईल.

रडार पाऊस मोजत नाही, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे. ते फक्त हाक मारते आणि प्रतिध्वनी ऐकते. रेडिओलहरींचा एक बारीक झोत ते आकाशात सोडते. थेंबांवर आपटून त्याचा अत्यल्प अंश परत येतो. परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते, आणि प्रतिध्वनीच्या बळावरून पावसाचा तर्क केला जातो. सारी मेख या 'तर्क' शब्दात आहे.

थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्यातील पाणी आठपट होते. पण त्याचा प्रतिध्वनी होतो चौसष्टपट! दिंडीत शंभर टाळकरी आणि एक ढोलवाला असावा आणि दूर उभ्या असलेल्या माणसाने आवाजावरून दिंडीतली माणसे मोजावीत, तसा हा प्रकार आहे. ढोल दोन झाले की त्याला वाटते, दिंडी दुप्पट झाली. वैशाखातल्या वळवाच्या पावसात थेंब टपोरे असतात, क्वचित गाराही असतात. त्याचा आवाज मोठा आणि पाणी त्या मानाने थोडे. आषाढातल्या आमच्या कोकणच्या संततधारेत थेंब पुष्कळदा लहान पण असंख्य. आवाज बेताचा आणि पाणी मुबलक.

१९४८ साली कॅनडात मार्शल आणि पामर यांनी प्रतिध्वनीवरून पाऊस काढण्याचे एक सूत्र दिले. ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे. पण ते त्यांच्याकडील पावसाच्या थेंबांवरून बसविलेले होते. रडारच्या मोजपट्टीवर ४५ डेसिबेलचा प्रतिध्वनी आला असे समजा. मार्शल-पामर सूत्राने तो तासाला सुमारे २४ मिलिमीटर पाऊस ठरतो. अमेरिकेतील रडारजाळ्यात नेहमी वापरल्या जाणाऱ्या सूत्राने २८. तेथेच उष्ण कटिबंधीय पावसासाठी वापरतात त्या सूत्राने ५६! प्रतिध्वनी तोच, ढग तोच, यंत्र तेच. आणि उत्तर दुपटीहून अधिक वेगळे. मघाच्या चौरस किलोमीटरच्या भाषेत बोलावयाचे तर एक जण धारण तलावाच्या रखवालदाराला २ कोटी ४० लाख लिटर पाणी येईल म्हणतो आणि दुसरा ५ कोटी ६० लाख.

याखेरीज यंत्राचा स्वतःचा पासंग असतो तो वेगळा. प्रतिध्वनी मोजण्यात एका डेसिबेलची चूक राहिली तर पावसाच्या आकड्यात १५ ते २० टक्क्यांची चूक पडते. रडारवरचा संरक्षक घुमट पावसाने ओला झाला, एवढ्यानेही हाक आणि प्रतिध्वनी दोन्ही क्षीण होतात.

मग येतो परका माल. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी मात्र खाली वाकत जाते. क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला झोत ५० किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असतो आणि १०० किलोमीटरवर जवळजवळ दीड किलोमीटर. तेथे दिसलेला थेंब लगेच आपल्या अंगणात पडत नाही. सहाशे मीटर उतरण्यास मध्यम थेंबाला दीड मिनिट लागते, आणि तेवढ्यात सोसाट्याचा वारा त्याला सव्वा-दीड किलोमीटर बाजूस नेतो. नेरूळच्या नावावर लिहिलेला पाऊस बेलापुरास पडतो तो असा. शिवाय सह्याद्रीच्या उतारावर अडलेले बाष्पयुक्त वारे पुष्कळसा पाऊस अगदी खालच्या थरातच तयार करतात. झोत त्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि त्याला तो पाऊस दिसतच नाही.

त्यात डोंगर आडवे येतात. कुलाब्याहून पूर्वेस माथेरान सुमारे ५० किलोमीटर. एक अंश जाडीचा झोत तेथे पोहोचेपर्यंत खालून दीडशे मीटरपासून वर हजार मीटरपर्यंत पसरलेला असतो, आणि माथेरानचे पठार आहे ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे या झोताचा मोठा भाग डोंगरालाच जाऊन थडकतो. डोंगराआडचा पाऊस रडारला अर्धवट दिसतो. आणि डोंगराचा स्वतःचा प्रतिध्वनी वगळला नाही तर कोरड्या दिवशीही तेथे पाऊस दिसेल.

लहान तरंगलांबीच्या रडारांना आणखी एक व्याधी आहे. सभेत पुढच्या रांगेत उंच माणूस बसला की मागच्याला वक्ता दिसत नाही. तसेच रडार आणि आपण यांच्यामध्ये एखादी जबर सर आली की ती झोताचे बळ शोषून घेते आणि तिच्या पलीकडचा पाऊस फिका दिसतो. १० सेंटिमीटरच्या लहरींना हा त्रास फारसा नाही, ५ सेंटिमीटरच्या लहरींना बराच आहे, ३ सेंटिमीटरच्या लहरींना तर फार. म्हणून विक्रोळी-मुलुंडवर ढगफुटीसारखा पाऊस चालू असता वेरावलीच्या चित्रात ऐरोली-घणसोलीचा रंग सौम्य दिसला, तर हायसे वाटून घेण्यापूर्वी थांबले पाहिजे.

आता दुहेरी ध्रुवणाकडे वळू. ही कल्पना पावसासाठी प्रथम नीट मांडली ती १९७६ साली सेलिगा आणि ब्रिंगी या दोघा शास्त्रज्ञांनी. तिचे मूळ थेंबाच्या आकारात आहे. चित्रकार थेंब काढतात तो वर निमुळता आणि खाली गोल. खरा पडणारा थेंब तसा मुळीच नसतो. लहान थेंब साबुदाण्यासारखा वाटोळा असतो. मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो. त्याचा पेढा होतो म्हणा ना! नवे रडार दोन प्रकारच्या लहरी सोडते : एकीचे आंदोलन आडवे, दुसरीचे उभे. पेढ्याची रुंदी उंचीपेक्षा अधिक, म्हणून आडव्या लहरीचा प्रतिध्वनी अधिक येतो. साबुदाण्याचे दोन्ही प्रतिध्वनी सारखे. या दोहोंच्या गुणोत्तरावरून दिंडीत ढोल किती आणि टाळ किती, हे कळू लागले. वळीव आणि आषाढसर यांना एकाच सूत्रात कोंबण्याची गरज उरली नाही.

दुसरा लाभ याहून मोलाचा. दोन वाटसरू एकाच चिखलाच्या वाटेने निघाले. एकाच्या पायांना चिखल जरा अधिक लागतो, म्हणून तो मागे पडतो. किती पावले मागे पडला यावरून वाटेत चिखल किती होता ते समजते. त्यासाठी त्यांचा आवाज मोठा की लहान, हे पाहावे लागत नाही. चपट्या थेंबांतून जाताना आडवी लहर उभ्या लहरीपेक्षा अशीच किंचित मागे पडते. हे मागे पडणे मोजले तर यंत्राचा पासंग, ओला घुमट, डोंगराने खाल्लेला अर्धा झोत, पुढच्या सरीने शोषलेले बळ, यांपैकी कशाचीही बाधा त्या मापाला सहसा होत नाही. उलट, शोषण किती झाले असेल त्याचाच हिशेब त्यावरून मांडता येतो. तिसरा लाभ असा की, दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांशी कितपत एकतान आहेत हेही पाहता येते. पावसात ते जवळजवळ पूर्ण एकतान असतात. समुद्राच्या लाटा, कीटकांचे थवे आणि पक्षी यांच्या प्रतिध्वनीत ही एकतानता मोडते. आमच्या खाडीवरील रोहित पक्ष्यांचा थवा कितीही मनोहर असला तरी पावसाच्या हिशेबात त्याला धरून चालणार नाही!

येथवर ऐकून आपण म्हणाल, प्रश्न सुटला. तसे झालेले नाही. नव्या मापाने जुने पासंग काढले, पण आपले स्वतःचे आणले. गुणोत्तराचेच पाहा. दोन प्रतिध्वनींच्या गुणोत्तरात ०.२ डेसिबेलची, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांची, चूक राहिली तर प्रचलित सूत्राने पावसाच्या आकड्यात १५ ते २० टक्क्यांची चूक होते. पूर्वी एका डेसिबेलने जेवढे नुकसान होत असे, तेवढे आता त्याच्या पाचव्या हिश्श्याने होते. तराजू नाजूक झाला की पासंगही जपून काढावा लागतो. लहरीच्या मागे पडण्याचेही तसेच. रिमझिम पावसात ते इतके थोडे असते की काट्याच्या थरथरीत हरवून जाते. ती थरथर घालविण्यासाठी कित्येक किलोमीटरांची सरासरी घ्यावी, तर एखाद्याच विभागावर कोसळणाऱ्या अरुंद सरीचे शिखर कापले जाते. आणि आमचे पूर पुष्कळदा त्या शिखरातूनच येतात. थरथर कमी करावी तर तपशील जातो, तपशील राखावा तर थरथर राहते. ही ओढाताण कोणत्याही नव्या यंत्राने पुरती मिटत नाही.

गुणोत्तराचा पासंग काढण्याची एक युक्ती मात्र इतकी साधी आणि सुंदर आहे की ती सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. हलका पाऊस पडत असता रडारचे तोंड थेट आकाशाकडे, डोक्यावर करतात आणि ते गरगर फिरवतात. पेढा बाजूने पाहिला तर चपटा. पण खालून पाहिला तर? वाटोळाच. तेव्हा वर पाहणाऱ्या रडारला आडवा आणि उभा प्रतिध्वनी अगदी समान मिळावयास हवा. जो फरक दिसेल तो पावसाचा नव्हे, यंत्राचा! तोच पासंग, तो लिहून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक मापातून वजा करावा. ज्या रडारची मान सरळ वर जात नाही, त्यांच्यासाठी रिमझिम पावसाचे, किंवा ज्यांचे गुणोत्तर आधीच ठाऊक आहे अशा ढगांचे निरीक्षण करून हेच काम करावे लागते. मतितार्थ एवढाच की, रडार एकदा बसविले आणि फीत कापली म्हणजे काम संपत नाही. ते ऋतूमागून ऋतू तपासावे लागते.

आणि तपासणीचा शेवटचा साक्षीदार पुन्हा तो जुना पर्जन्यमापकच. रडार पावसाचा विस्तार दाखविते; मापक पासंग दाखवितो. गावोगावच्या मापकांची बेरीज आणि त्याच ठिकाणच्या रडारच्या आकड्यांची बेरीज ताडून पाहिली की रडार सरासरीने किती कमी किंवा जास्त सांगते ते कळते. मुंबई परिसरात स्वयंचलित मापकांचे जाळे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सातारा जिल्ह्यातील मांढरदेवच्या डोंगरावर ३ सेंटिमीटर तरंगलांबीचे दुहेरी ध्रुवणाचे रडार ठेवून घाटातील ढगांचा अभ्यास केला आहे. आपल्या सह्याद्रीचे थेंब कसे असतात हे आपणच मोजले पाहिजे. ते कॅनडाच्या सूत्रात सापडणार नाहीत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, आमच्या शहराला पाणी पुरविणाऱ्या मोरबे धरणाच्या परिसरात, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि पन्नासहून अधिक माणसे मातीखालीच राहिली. अशा प्रत्येक पाड्यावर पर्जन्यमापक आणि तो वाचणारा माणूस ठेवणे कोठेही साधलेले नाही. डोंगरावरील अशा वस्त्यांसाठी रात्रीच्या काळोखात जागा असणारा पहारेकरी रडारच असू शकतो. म्हणूनच तो काय पाहू शकतो आणि काय पाहू शकत नाही, हे नेमके ठाऊक असले पाहिजे. 'तासाला ४० मिलिमीटर' या आकड्यापेक्षा '३० ते ५५ च्या दरम्यान, आणि डोंगराआड कदाचित अधिक' हे वाक्य दिसावयास ढिले दिसते. परंतु माणसे हलवावयाची की नाही हे ठरविणाऱ्या अधिकाऱ्याला तेच खरे उपयोगी. पहिल्या वाक्यात आत्मविश्वास आहे, दुसऱ्यात ज्ञान आहे.

तेव्हा येत्या पावसाळ्यात आपण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ती रंगीत चित्रे पाहाल, तेव्हा तीन प्रश्न मनाशी विचारावेत. हा प्रतिध्वनी किती उंचीवरचा आहे? त्याच्या आणि माझ्यामध्ये डोंगर किंवा दुसरी सर आहे काय? आणि जवळच्या मापकाने काय सांगितले? रंग लाल नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, आणि एकदा अंदाज चुकला म्हणून यंत्राला खोटे ठरवू नये.

जुन्या बाजारात ज्या वाण्याच्या तराजूला पासंग आहे हे सर्वांना ठाऊक असे आणि जो स्वतः तो मोजून वळता करून देत असे, त्याच्याकडे लोक निर्धास्त जात. आमच्या तराजूला पासंगच नाही अशी शपथ घेणाऱ्याकडून मात्र ते जपून माल घेत. अपरांताच्या पावसाला माप नाही, असे म्हणून प्राचीन ग्रंथकार पुढे गेला. आपण त्याला माप देऊ लागलो आहोत. पण त्या मापाबरोबर त्याचा पासंगही लिहून ठेवू, तेव्हाच ते माप चोख म्हणावयाचे.